मापवाल्या साहेबांची ठासणीची रायफल

माझ्या लातूरच्या घरमालकांनी निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. त्यांना ठासणीची एक जुनी रायफल विकत घ्यायची होती. त्या दिवसापर्यंत त्यांनी कोणतंही शस्त्र हातात धरलेलं नव्हतं. अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं : रविवारी मैदानावर कागदावर नेम धरण्यासाठी.

रांगेत त्यांच्या मागे मुरुडकडचा एक शेतकरी उभा होता. त्याने मान पुढे काढून अर्ज वाचला आणि सल्ला दिला, "साहेब, शेतीसंरक्षण लिवा. रानडुकरं हायेत म्हणा. लवकर व्हतंय."

"मला शेत नाही," साहेब म्हणाले.

"मंग बंदूक कशाला?"

"वर लिहिलंय."

मी तेव्हा साहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि एका दैनिकाचा लातूरचा वार्ताहर होतो. दुसऱ्या एका बातमीसाठी त्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीत गेलो होतो, म्हणून हा संवाद माझ्या कानांवर पडला.

साहेब वजनमापे निरीक्षक होते. दुकानातले तराजू, लिटरची मापं, मोंढ्यातले म्हणजे धान्यबाजारातले मोठे काटे तपासायचे. बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर खटला भरायचा. मधली काही वर्षं उदगीर आणि निलंग्याला गेली, बाकी नोकरी लातूरच्या बाजारात झाली. डाळमिलवाले आणि अडते त्यांना मापवाले साहेब म्हणत. मी राहायला गेलो त्या दिवशी त्यांना काका म्हणालो. ते म्हणाले, "आपलं नातं नाही." तेव्हापासून मीही साहेब म्हणू लागलो.

नोकरीला लागताना त्यांनी एक नियम केला होता. ज्याचा काटा आपण तपासतो, किंवा पुढे कधी तपासू शकतो, त्याच्याकडे काही खायचं-प्यायचं नाही. लातुरात असा नियम पाळणं म्हणजे काय, ते त्यांना नंतर कळलं. समोरच्या शिक्षकांचा भाऊ अडत्या निघाला, डॉक्टरांच्या सासऱ्यांची डाळमिल निघाली, कचेरीतल्या शिपायाच्या मेव्हण्याने किराणा दुकान टाकलं. नियम हळूहळू सगळ्या शहराला लागू झाला. लग्नाला ते जात. अक्षता टाकत, मांडवाच्या तोंडाशी यजमानांना नमस्कार करत आणि घरी येऊन पिठलं-भाकरी करून खात. उन्हाळ्यात तपासणी चाले तेव्हा दुकानदार माठातलं पाणी पुढे करी. साहेब पिशवीतून स्टीलची बाटली काढत.

नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांच्या पत्नी माहेरी गेल्या आणि परत आल्या नाहीत. मूल नव्हतं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आमच्या गल्लीत एक भाजीवाली मावशी हातगाडी घेऊन येई. तिने सवयीने मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या की साहेब त्या उचलून परत गाडीवर ठेवत.

"ऱ्हाऊ द्या की साहेब, फुकाची हाय."

"म्हणूनच."

मावशी गल्लीत इतरांशी बोलताना त्यांना 'तराजू' म्हणे. हे त्यांना माहीत होतं. एकदा त्यांनी मला विचारलं की ती लोखंडी काट्याचं म्हणते की इलेक्ट्रॉनिक काट्याचं. ते विनोद करत होते की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीत निरोप समारंभ झाला. साहेबांनी हार घेतला, नारळ घेतला, भाषण केलं नाही. संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी मला थांबवून म्हणाले, "उद्यापासून बाजारात कोणाकडेही चहा घ्यायला हरकत नाही." मी लगेच वर चहाला बोलावलं. ते म्हणाले, घरमालकाने भाडेकरूकडे घेऊ नये.

पुढचे काही महिने ते रोज सकाळी मोंढ्यातून एक फेरी मारून येत. लोक नमस्कार करत. फेरीला पाऊण तास लागे. नोकरीत असतानाही तेवढाच वेळ लागायचा.

शहराबाहेरच्या माळावर एका मंडळाचं नेमबाजीचं मैदान आहे. मातीचा उंच बांध, पत्र्याची शेड, तारेचं कुंपण. साहेब फिरायला तिकडे जाऊ लागले आणि सलग चार रविवार कुंपणाबाहेर उभे राहिले. आत एक निवृत्त सुभेदार ठासणीच्या बंदुकीने नेम धरत असे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, मग घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवून बार उडवायचा. एका बाराला पाच-सहा मिनिटं लागत. पाचव्या रविवारी साहेब घरी आले आणि मला म्हणाले की त्यांना अशी एक हवी आहे.

मी विचारलं, परवानाच काढायचा तर कारतुसांची का नको?

"कारतूस कारखान्यातून भरून येतं," ते म्हणाले. "आत किती दारू आहे ते आपण पाहिलेलं नसतं. यात प्रत्येक बार स्वतः तोलून भरायचा. नेम चुकला तर चूक कोणाची ते कळतं."

नांदेडच्या शस्त्रविक्रेत्याकडे आम्ही एसटीने जाऊन आलो. त्याच्याकडे नव्या ठासणीच्या बंदुका होत्या, पण त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत. साहेबांना आतून आटे पाडलेली नळी हवी होती, कारण आट्यांमुळे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. गावठी लोहाराने केलेली नको होती. कारखान्याची, नंबर कोरलेली हवी होती. विक्रेत्याने थोडा विचार करून लोहा तालुक्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे वडिलांच्या वेळची अशी एक रायफल होती आणि तो ती विकायला काढणार होता.

त्या शेतकऱ्याला गाव आबा म्हणे. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. एक मुलगा पुण्यात, एक हैदराबादेत. घरात आबा आणि त्यांची बायको. परवाना पिकाच्या राखणीसाठी होता आणि त्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं.

"मला डुकरं दिसंनात," आबांनी सांगितलं, "आन डुकरांना ते कळलंय."

रायफल त्यांनी गोधडीत गुंडाळलेली आणली. साहेबांनी हात लावण्याआधी विचारलं, "रिकामी आहे ना?"

"हाव. कवाची रिकामी हाय."

साहेबांनी गज नळीत शेवटपर्यंत सोडला, नळीच्या तोंडापाशी गजावर नख धरलं, गज बाहेर काढला आणि नळीच्या बाहेरून लावून पाहिला. पिशवीतली घडीची फूटपट्टी काढून मोजलं. मग रायफलीचं तोंड अंगणाच्या मोकळ्या बाजूला करून ती खाली ठेवली.

"आत सव्वादोन इंच काहीतरी आहे."

आतून त्यांच्या बायकोने आवाज दिला, "हरभऱ्याच्या राखणीला भरली व्हती. मी सांगितलं व्हतं काढा म्हणून." तो हरभरा सहा वर्षांपूर्वीचा होता. त्याच हंगामात आबांना दिसेनासं झालं. तेव्हापासून रायफल भरलेली, त्यांच्या उशाशी भिंतीला टेकून उभी होती.

आबांनीच मग सांगत सांगत ती रिकामी करवली. टोपीच्या भोकातून आणि तोंडातून पाणी सोडलं, दारू भिजू दिली, गजाच्या टोकाला पेचाचा आकडा लावून ओढलं. आधी गोळी आली, मग चिंधी, मग काळा चिखल. आबांनी चिखल बोटांवर घेऊन हुंगला. त्यांचा चेहरा उतरला होता. मग ते म्हणाले, "साहेब, बंदूक तुमाला दिली. दुसऱ्याला न्हाई."

बायकोने चहा आणला. साहेबांनी हात जोडले. व्यवहार पुरा होईपर्यंत समोरच्या पक्षाकडचं काही घेता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. अगदी नम्रपणे सांगितलं. मी माझा कप उचलला होता, तो खाली ठेवला.

आबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग रायफल चाचपडत जवळ ओढली आणि गोधडी तिच्यावर टाकली.

"ज्याला माझ्या घरचा चहा चालंना, त्याला माझ्या घरची बंदूक कशी चालंल? या आता."

परतीची बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबल्यावर साहेब म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे. पण आता मी काय करू?"

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. साहेबांच्या पिशवीत पाव किलो चहापत्ती आणि एक किलो साखर होती, दोन्ही घरी तोलून बांधलेली. आबांच्या बायकोपुढे ती ठेवून ते म्हणाले की चहा याचा करावा आणि सगळ्यांनी घ्यावा, म्हणजे कोणाचं कोणाकडे काही राहत नाही. माऊलींनी पुड्या उघडून पाहिल्या. मग म्हणाल्या, "अर्धी पत्ती तुमची, अर्धी माझी. दूध माझ्या म्हशीचं. हे कबूल असंल तर बसा, न्हाईतर तुमच्या पुड्या उचला."

साहेब बसले. बशीत ओतून, फुंकर घालत त्यांनी तो चहा संपवला. आबांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बायकोला विचारलं, "पेला का?"

"पेला."

"समदा?"

"बशी चाटून."

आबांनी शब्द दिला की लातूरचा परवाना येईपर्यंत ते थांबतील, आणि लागलं तर आपला परवाना त्यासाठी एकदा वाढवून घेतील.

परवाना यायला दीड वर्ष लागलं. या काळात साहेब महिन्यातून एकदा लोह्याला जात, रायफल पाहायला. आबांसमोर बसून ते नळी पुसत, घोड्याला तेल घालत. माल तपासायला जातो, असं मला सांगत. सकाळच्या बसने गेलेला माणूस संध्याकाळच्या बसने येई. नळी पुसायला एवढा वेळ लागत नाही.

चौकशीला ठाण्यातून एक हवालदार आले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी ओसरीत बसून कागद काढले.

"जिवाला कुणापासून धोका?"

"नाही."

"येवढी वर्षं बाजारात केसी केल्या तुम्ही. कुणी तर खार खाऊन असंल."

"असेल. मला कोणी तसं सांगितलेलं नाही."

हवालदारांनी लिहून घेतलं. मग त्यांना दोन माणसांचे जबाब हवे होते : अर्जदाराला ओळखतो, वागणूक चांगली आहे. मी पुढे झालो. साहेब म्हणाले, "यांचा नको. भाडेकरू आहेत, यांचा हितसंबंध आहे." हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले.

मग ते समोरच्या शिक्षकांकडे गेले. शिक्षक बावीस वर्षं समोर राहत होते. मी फाटकाशी उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. शिक्षक म्हणाले की तक्रार काही नाही, माणूस सरळ आहे, पण ओळखतो असं लिहून देणं अवघड आहे. "आम्ही त्यांच्या घरात कधी गेलो नाही, ते आमच्या घरात आले नाहीत. उद्या काही झालं तर मी काय सांगू?" डावीकडच्या घरानेही तेच सांगितलं, थोड्या कमी शब्दांत. उजवीकडचं घर कुलूपबंद होतं.

हवालदार परत आले आणि साहेबांना म्हणाले, "आठ दिवस थांबतो. दोन माणसं बघून ठेवा. न्हाईतर मला तसंच लिवावं लागंल." साहेबांनी विचारलं, तसंच म्हणजे कसं? हवालदार जरा घुटमळले. "की कुणी वळखत न्हाई."

त्या रात्री खालचा दिवा लवकर बंद झाला. दोन-तीन दिवस साहेब मोंढ्याच्या फेरीला गेले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी मला मोटरसायकलवर मोंढ्यात सोडायला सांगितलं. त्यांनी नोकरीत कधी कोणाच्या वाहनावर बसून बाजारात प्रवेश केला नव्हता.

ते ज्या डाळमिलवाल्याकडे गेले त्याच्यावर त्यांनी दोन खटले भरले होते. गादीवर तो बसला होता, काट्याजवळ त्याचा जुना तोलणारा उभा होता. साहेब पायरीवर उभे राहिले आणि हवालदारांना काय हवं आहे ते त्यांनी सांगितलं. दोन खटल्यांचाही उल्लेख केला, म्हणजे नंतर गैरसमज नको.

मिलवाला हसला. "साहेब, दुसरं कुणी मिळालं न्हाई?"

"नाही."

हसू गेलं. त्याने तोलणाऱ्याकडे पाहिलं. तोलणारा म्हणाला, "मालक, ह्यांचा हात काट्यावर कधी जड झालेला मी बघितला न्हाई. मी देतो जबाब."

"मग मीबी देतो," मिलवाला म्हणाला. "ह्या माणसानं आमच्या बाजारात कधी चहा पेला न्हाई, येवढं मला ठावं हाय. हवालदाराला पाठवा, तेच लिवून देतो."

"मी चहा पितो," साहेब म्हणाले.

मिलवाल्याला ते ऐकू आलं की नाही, माहीत नाही. त्याचा फोन वाजला होता. साहेब पायरीवर थांबून राहिले. शेजारच्या गाळ्यातून चहावाला किटली घेऊन आला, गादीवर एक ग्लास ठेवला, तोलणाऱ्याला एक दिला, मला विचारलं. साहेबांना त्याने विचारलं नाही. तो वीस वर्षं त्या बाजारात चहा देत होता. मिलवाला फोनवर बोलत होता. साहेब आणखी थोडा वेळ उभे राहिले आणि मग मोटरसायकलजवळ आले.

परवाना पुढच्या उन्हाळ्यात मिळाला. रीतसर नोटीस देऊन, मुदत थांबून, दोन्ही जिल्ह्यांतली कागदपत्रं पुरी करून रायफल साहेबांच्या नावावर झाली. ती आणायला गेलो त्या दिवशी आबांच्या बायकोने पुरणपोळी केली होती. व्यवहार पुरा झालेला होता. साहेब तीन पोळ्या जेवले.

त्यानंतर ते लोह्याला गेले नाहीत. दोन महिन्यांनी आबांनी शेजाऱ्याच्या फोनवरून मला विचारलं, साहेब का येईनात? "त्यांना सांगा, बंदूक न्हाई तरी घर हाय." मी खाली जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "पण काम काय सांगू?" मी म्हणालो, काम कशाला लागतं? त्यांनी मान हलवली. पटल्याची नव्हे.

त्याच महिन्यात माझी बदली नांदेडला झाली. सामान टेम्पोत चढवत असताना साहेब जिन्याशी आले. बार भरायला शिकवणार होते ते सुभेदार गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेले होते, त्यामुळे साहेबांनी अजून एकही बार उडवला नव्हता. मैदानाचं सदस्यत्व झालं होतं, दारू आणि गोळ्या रीतसर आणल्या होत्या, तोलायला लहान काटा घेतला होता. "पुढच्या रविवारी पहिला बार काढतोय," ते म्हणाले. "साडेसातला. वेळ असेल तर या." पाच वर्षांत त्यांनी मला कुठे बोलावलं ते हे एकदाच. मी येतो म्हणालो.

त्या रविवारी नांदेडला एक सभा लागली. बातमी माझ्याकडे होती. फोन करायचं राहून गेलं. नंतर मी फोन केला तेव्हा त्यांनी सभेला किती लोक होते ते विचारलं. मी अंदाज सांगितला. मोजले कसे, ते त्यांनी विचारलं. रविवारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्या दोन वर्षांत मी चारदा लातूरला गेलो. दोनदा त्यांना भेटलो, दोन्ही वेळा कामाच्या दिवशी.

साहेब यंदा होळीच्या आधी गेले. झोपेत गेले, असं समोरच्या शिक्षकांनी सांगितलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. रायफल नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाली. लहान काटा आणि फूटपट्टी मैदानावरच्या कपाटात राहिली होती. तिथल्या राखणदाराकडे दुसऱ्या कोणाचा नंबर नव्हता, म्हणून त्याने मला बोलावलं.

वस्तू ताब्यात घेताना सही करायला त्याने मैदानाची नोंदवही पुढे केली. साहेबांच्या नोंदी एक्याऐंशी आहेत, सगळ्या रविवारच्या, सगळ्या त्यांच्याच अक्षरात. पहिली नोंद पहिल्या बाराच्या दिवसाची आहे. आगमन सात वाजून दहा मिनिटं. प्रयाण अकरा पंचवीस. बार एक. सोबत आलेल्याचं नाव लिहायच्या रकान्यात माझं पूर्ण नाव आहे. त्यावर पट्टी धरून मारलेली एक सरळ रेघ आहे आणि रेघेच्या शेवटी, कचेरीत खाडाखोडीपाशी करतात तशी, साहेबांची छोटी सही आहे.